रिकामा फिरणारा लेथ

मित्रांनो, आज सकाळी चिंचवडच्या आमच्या छोट्या कारखान्यात विजेच्या कचेरीतून पत्र आले. यंदा जेवढी वीज वापराल, तेवढीच पुढच्या वर्षी मिळेल.

मंदीमुळे काम नाही, म्हणून मी वर्षभर यंत्रे आठवणीने बंद ठेवत होतो. शेठ माझ्यावरच उखडले. "उद्या काम आलं तर वीज कुठून आणू? आजपासून यंत्रं रिकामी फिरव!"

त्या विजेचा खर्च भागवायला त्यांनी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या दत्तूभाऊंना घरी बसवले.

डबा उचलताना दत्तूभाऊ हसले. "बघ राव, लेथला काम हाय, मला न्हाई."

तो लेथ मीच चालू केला. बंद केला, तर पुढच्या वर्षी सगळेच घरी बसू. माझ्या जागी तुम्ही चालू करायच्या बटणाला हात लावला असता का?