साखर काढलेला डबा

इथे हिंदी मुलखात, आमच्या थाटीपूर भागाजवळच्या चर्चमध्ये नाताळाआधी परदेशातल्या गरीब मुलांसाठी भेटीची खोकी गोळा करतात. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून मीही एक खोकं भरून नेलं. रांगेत माझ्यापुढे साठीच्या एक बाई होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, खांद्यावर शाल. खोक्यातली एकेक वस्तू त्या पदराने पुसून पुन्हा नीट लावत होत्या.

टेबलामागच्या ताईंनी त्यांच्या खोक्यातला स्टीलचा छोटा डबा उघडला. आत साखर होती.

"आंटीजी, खाने का सामान नहीं जाता."

बाई ओशाळल्या. त्यांनी साखर कागदात काढून घेतली, पण डबा काही त्यांच्या हातातून सुटेना. मघाशी मी फोनवर मराठीत बोलत होते, ते ऐकलं असावं. त्या माझ्याकडे वळल्या.

"रिकामा डबा कुणाला देत नाहीत, ते तर आहेच," त्या म्हणाल्या. "पण ते पोर डबा उघडेल ना. त्याला वाटेल, आपला खाऊ वाटेत कुणी खाऊन टाकला."

मग खोक्यातल्याच गोट्या, खोडरबर आणि शार्पनर त्यांनी डब्यात भरले. झाकण लावलं, डबा कानाशी नेऊन हलवला. तो वाजला, तेव्हा कुठे ताईंच्या हातात दिला.

माझ्या खोक्यातही एक डबा होता. नवा, महागातला, रिकामा. मी रांगेतून बाजूला झाले आणि खोक्याची चिकटपट्टी सोडवू लागले.