कशावाचून चालतं

पद्माक्का कुणालाही पहिल्या भेटीतच विचारायच्या, "तुझं कशावाचून चालतं?" नाव, गाव, नवरा काय करतो, हे सगळं नंतर. आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो आणि जयनगरमधल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सामान चढवत होतो, तेव्हा त्या पहिल्या मजल्यावर आपल्या दारात उभ्या राहून वर जाणारं एकेक खोकं बघत होत्या. मला मराठीत ओरडताना ऐकलं आणि त्यांनी तो प्रश्न टाकला. मला वाटलं, बाई टोमणा मारतेय. मी फटकन म्हटलं, "कशावाचूनच नाही." त्या मनापासून हसल्या. "सरी! खरं बोलतीस. माझ्याकडं कॉफीला ये."

त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठी टिकली होती, पण तिला कन्नडची फोडणी बसलेली. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. "तीस वर्षं परक्यांचे आवाज जोडत बसले," त्या म्हणायच्या, "ऐकायचा नियम नव्हता. आता निवांत ऐकते." नवरा गेल्यावर एकट्याच राहत. घरात एक पलंग, दोन खुर्च्या, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी भांडी. त्यांच्याकडे दोघींनी कॉफी प्यायची तर एकीला वाटीत प्यावी लागे.

हे त्यांनी कुठल्या एका गुरूकडून घेतलेलं नव्हतं. चिकपेटमधले एक कापडव्यापारी चातुर्मासात रोज किती वस्तू वापरायच्या ते सकाळीच ठरवतात, हे त्यांना साडी घेताना कळलं. पुढचे चार महिने अक्कांनी तसं केलं. गच्चीवरच्या खोलीत मिझोरामची एक नर्स भाड्यानं राहायची. तिचा सगळा संसार एका सुटकेसमध्ये मावे. नवं काही आलं की जुनं काहीतरी ती कुणाला तरी देऊन टाकी. तेही अक्कांनी उचललं. कोपऱ्यावरचे रफीकभाई शिंपी त्यांना सांगत, "अम्मा, फाटलेलं शिवता येतं, विरलेलं नाही. फरक ओळखा." काही प्रयोग फसत. "ती नर्स उशीवाचून झोपती म्हणून मीपण झोपले. आठ दिवस मान धरली. ते आपलं नव्हे."

एकदा मात्र त्या अगदी गप्प होऊन घरी आल्या. फुलं विकणाऱ्या गौरम्माला त्यांनी तोच प्रश्न विचारला होता. ती कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, आमचं चालत नाही. आमच्याकडे नसतं." मला हे सांगताना अक्कांचा चेहरा उतरला होता. "नसणं वेगळं आणि नको असणं वेगळं, वैदेही. एवढं कळायला मला सत्तरी गाठावी लागली. लाज वाटली गं."

मी त्यांचं सगळं ऐकायचे आणि वर येऊन माझी कपाटं भरायचे. डाळी, औषधं, बॅटऱ्या, गॅसची जादा शेगडी. नवरा निखिल सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. तो आधी चिडायचा, मग गप्प बसायला लागला. आमची इरा एकदा शाळेत सांगून आली की आमच्या घरी दुकान आहे.

मग तो उन्हाळा आला. इमारतीची बोअर आटली. टँकर एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी यायला लागला. मी सकाळी डोळे उघडायच्या आधीच कान टवकारून नळाचा आवाज शोधायचे. बाल्कनीत दोन निळे ड्रम होते, त्यांचे पाच झाले. टाकीला पाणी आलं की मी पहिल्या दहा मिनिटांत ते भरून घ्यायचे आणि वर चादर टाकायचे.

एका रविवारी पार्किंगमध्ये सगळ्यांची बैठक झाली. तिसऱ्या मजल्यावरची दिव्या बारा दिवसांच्या बाळाला घेऊन उभी होती. टाकीतलं पाणी तिच्यापर्यंत पोचेस्तोवर संपत होतं. सेक्रेटरींनी विचारलं, "कुणाकडे साठा असेल तर सांगा, वाटून घेऊ." कुणी बोललं नाही. मीही नाही. मी चपलेकडे बघत बसले. पद्माक्का माझ्या समोरच्याच खुर्चीवर होत्या.

दुपारी त्या वर आल्या. एरवी कधी यायच्या नाहीत, गुडघे दुखायचे. सरळ बाल्कनीत गेल्या, चादर उचलली, पुन्हा ठेवली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"माझं छत म्हणजे तुझी फरशी. ड्रम सरकवतीस ते रोज ऐकते."

"मग बैठकीत सांगितलं का नाहीत?"

"मी सांगून काय होणार? पाणी तुझं." त्या खुर्चीवर टेकल्या. "किती झालं की तुला पुरे वाटेल, तेवढं सांग."

आकडा सांगण्याऐवजी मी बाबांबद्दल बोलायला लागले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते पुण्यात वारले. एका ऑक्सिजन सिलिंडरसाठी मी इथून दीड दिवस फोन करत होते. मिळाला तेव्हा उशीर झाला होता. "घरात असता तर?" मी म्हणाले. "आधीच आणून ठेवला असता तर? तेव्हापासून अक्का, काही संपत आलं की मला श्वास घेता येत नाही." हे मी निखिललासुद्धा इतकं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं.

अक्कांनी माझी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "आमचे हे तीन वर्षं अंथरुणावर होते. व्हीलचेअर आणली, हवेची गादी आणली, चालायची काठी आणली. बरे होतील म्हणून. गेल्यावर ते सगळं माझ्याकडं बघत बसायचं. मी एकेक करून काढलं, आणि मग थांबताच येईना. लोक म्हणतात, पद्माक्का मोठी विरक्त. विरक्त कुठली? भ्यालेली आहे. तू भिऊन भरतीस, मी भिऊन रिकामं करते."

मी ड्रमवरची चादर नीट करायला लागले.

"म्हणून तर जगाला विचारत फिरते," त्या म्हणाल्या. "न भिता कमी ठेवणारा कुणीतरी भेटेल म्हणून. चला, उठ. दिव्याकडं स्वल्प पाणी नेऊन देऊ. सगळं नको. तुझे हात थरथरणार नाहीत एवढंच."

हात थरथरलेच. निखिलनं दोन ड्रम बादल्या-बादल्यांनी वर नेले. दिव्याला मी खरं सांगितलं, बैठकीत गप्प बसले होते हेही. तिच्या चेहऱ्यावर राग आला आणि गेला. बाळ रडत होतं, तिला रागवायलाही वेळ नव्हता. पुढचा टँकर सांगितल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आमचा शेवटचा ड्रम अर्ध्यावर आला. मी दर तासाला झाकण उघडून बघत होते आणि अक्कांना मनातल्या मनात बोल लावत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. मी जिन्यातच बसून रडले.

पावसाळ्यानंतर अक्कांना जिने झेपेनात. भाची त्यांना देवनहळ्ळीला आपल्या घरी घेऊन गेली. डिसेंबरात त्यांना न्यूमोनिया झाल्याचा फोन आला. मी धावत गेले, तर त्या खिडकीजवळ पडून होत्या. बाहेर पूर्वीच्या द्राक्षमळ्यात प्लॉटचे दगड रोवलेले. मी पिशवीतून थर्मामीटर, फळं, वाफेचं यंत्र काढून मांडायला लागले.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "बस."

बसले. मी विचारलं, "अक्का, भीती वाटते?"

"वाटती की."

"मग काय करता?"

"भाचीला सांगते. ती म्हणती, मलापण वाटती. मग दोघी कॉफी पितो." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "चोरून भ्यायचं नाही बघ. त्यानंच सगळं वाढतं."

आठ दिवसांनी त्या गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

यंदा मार्चमध्येच पाणी उतरून बोअरच्या पंपाचा आवाज बदलला आणि पुन्हा पार्किंगमध्ये बैठक बसली. सेक्रेटरींनी साठ्याचं विचारलं. नेहमीसारखी शांतता पसरली. मी उभी राहिले. "माझ्याकडे तीन ड्रम आहेत," मी म्हणाले, "आणि मला फार भीती वाटते आहे." मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे दोन आहेत."