वासुभाऊंची ड्राइव्ह निघेना

लॅपटॉप उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू उरतोच. तो कुठला, हे विचारायचं नसतं. गुपचूप डबीत टाकायचा. दारव्ह्यात वासुभाऊंच्या लॅपटॉप रिपेअरिंगच्या दुकानात अशी डबी केव्हाच भरली. शेजारी माझं कृषी केंद्र, त्यामुळे तिथले उरलेले किस्से माझ्याकडे जमा होतात. थोडं पॉलिश मी मारतो, तेवढं चालवून घ्या.

वासुभाऊंचं औषध एकच, एसएसडी नावाची नवी वेगवान डिस्क. लॅपटॉप स्लो झाला, हँग झाला, तापला, काहीही होवो, "डीव्हीडी ड्राइव्ह काढा, त्या जागी एसएसडी टाका!" एकदा आमचे एसटीतले कंडक्टर मित्र येऊन बसले. म्हणाले, "वासुभाऊ, सकाळी उठाले लय टाइम लागून राह्यला." त्यांना कंबर म्हणायची होती. वासुभाऊंनी मानही वर केली नाही. "एसएसडी टाका. बटन दाबलं का उठसान!"

अर्ध्या तालुक्याच्या ड्राइव्ह उपटल्या या माणसाने. राहिली ती फक्त एक. त्यांच्या स्वतःच्या घरची!

कारण त्यांच्या लग्नाची डीव्हीडी. पाठवणीच्या सीनमध्ये नवरी, म्हणजे आमच्या सुनंदावहिनी, शांत उभी आहे. आणि नवरदेव सासऱ्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतोय! घरी पाहुणा आला की चहाच्या आधी वहिनी तो सीन लावतात, म्हणून ड्राइव्हला हात लावू देत नाहीत. वासुभाऊंची सगळी इज्जत त्या एका तबकडीत अडकलेली. वहिनी म्हणतात, "मोबाईलवर घेऊन द्या." हे म्हणतात, "उद्या देतो." तो उद्या अजून उगवायचाय.

एकदा यवतमाळच्या कॉलेजातले एक सर आले. मोठे शिस्तीचे, शर्ट इन केलेला. वासुभाऊंनी त्यांच्या लॅपटॉपचा ट्रे बाहेर ओढला, तर आत डिस्क नाही, चापटून ठेवलेली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी! घरी मॅडम खिसे तपासतात, बॅग तपासतात, पण ट्रे कोण तपासणार? सर कानापर्यंत लाल झाले. वासुभाऊंनी अदबीने विचारलं, "सर, ड्राइव्ह काढू का राहू देऊ?"

सरांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली केला. "एसएसडीत एवढी जागा नसते का हो?"

ड्राइव्हच्या खाचेत एसएसडी बसवायला एक चौकट लागते, तिला कॅडी म्हणतात. खाच जाड तर कॅडी जाड, खाच पातळ तर कॅडी पातळ. जाड संपल्या होत्या म्हणून वासुभाऊंनी एका विमा एजंटाला पातळच लावून दिली आणि फटीत पुठ्ठा कोंबला. "बिनधास्त जा!" एजंट काळीपिवळी जीपमध्ये बसून यवतमाळला निघाला. लॅपटॉप मांडीवर, मांडीवर शेजारच्याचं पोतं, आणि बोरी गावापर्यंतचा रस्ता तर तुम्हाला माहीतच आहे.

तासाभराने त्याचा फोन आला. "वासुभाऊ, मी आन् लॅपटॉप यवतमाळले पोहोचलो जी. पन विंडोज बोरीलेच उतरून गेली!"

आता लाडखेडचे गजाननकाका. यांना वावरात पाखरं भिववण्यासाठी ज्वारीवर चमकत्या डिस्क टांगायच्या होत्या. "वासू, जुन्या असतील तं दे ना." वासुभाऊंच्या डोक्यात ट्यूब पेटली. घरी जाऊन लग्नाची डीव्हीडी काढली, जुन्या डिस्कांच्या गठ्ठ्यात मधोमध घातली आणि गठ्ठा काकांच्या थैलीत. त्या दिवशी मला जबरदस्तीने समोसा खाऊ घातला. कारण सांगेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वासुभाऊंच्या घरी हजर! नवरा-नवरीची नावं लिहिलेली डीव्हीडी नव्या रुमालात, तिच्यावर हळदकुंकू. वहिनींच्या हातात देत म्हणाले, "सूनबाई, लग्नाची वस्तू हाये. हिले पाखरं हाकलाले कशी टांगू?"

वहिनी नुसत्या वासुभाऊंकडे पाहत होत्या. वासुभाऊ छताकडे.

तरी माणूस सुधारेल तर शपथ! वहिनी दिग्रसला माहेरी गेल्या आणि इकडे वासुभाऊंनी घरच्या लॅपटॉपची ड्राइव्हच काढली. एसएसडी बसवली, लॅपटॉप पुसूनबिसून ठेवला. वहिनी आल्यावर म्हणाले, "ड्राइव्ह खराब झालती. काढून टाकली."

वहिनी म्हणाल्या, "बरं केलं."

एवढंच! ना भांडण, ना अबोला. वासुभाऊ दुकानात शीळ घालत होते. मी म्हटलं, "भाऊ, मले हे लक्षण बरं नाही दिसून राह्यलं." ते म्हणाले, "तू युरिया विक."

मग आला बाजाराचा दिवस. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, मीही तिथेच टेकलेलो. वहिनी दिग्रसच्या दोन पाहुण्यांना घेऊन आत आल्या. त्यातली एक म्हणाली, "जवाईबापू, तुमच्या लग्नाची सीडी पाहाची होती, पन ताई म्हनते का मशीनच काढून टाकली."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी असे उभे राहा. तुमी माहे बाबा, म्हंजे यायचे मामाजी."

"मी?"

"हो. हलू नका."

आणि पदर खोचून वहिनी माझ्या खांद्यावर कोसळल्या! "मामाजी वोऽऽ! मी नाही जात मामाजी! मले बी इथंच ठेवून घ्या वोऽऽ!" काय तो आवाज! भाजीवाल्या वजनं टाकून धावत आल्या. सायकलवरचा एकजण टोपी काढून विचारू लागला, "कोन गेलं हो?"

वासुभाऊ काउंटरमागून ओरडले, "अवं, ठेवून घ्या म्हनून मी कधी म्हनलं?"

वहिनींनी डोळे पुसले. "डीव्हीडी लागत नाही न जी आता. खरं-खोटं कोन पाहून राह्यलं?" आणि पुन्हा माझ्या खांद्याकडे वळल्या. "आन् मंग यायनं बाबाचे पाय धरले..."

वासुभाऊंनी हातातला गिऱ्हाइकाचा लॅपटॉप बाजूला सारला, ड्रॉवर उघडून जुनी ड्राइव्ह बाहेर काढली आणि तोंडात स्क्रू धरून म्हणाले, "सुनंदे, थांब. घरून लॅपटॉप आन. आत्ता बसवून देतो!"