बाई कासूला गेल्या तेव्हा

आमच्या बाईंचा आवाज मोठा. पेणच्या लॅबमध्ये त्या फोनवर बोलू लागल्या की बाहेरच्या रिक्षावाल्यालाही आमच्या प्रयोगाचं काय झालं ते कळे. मूळच्या रोह्याच्या, संशोधन तोंडाच्या कॅन्सरवर. मी त्यांची विद्यार्थिनी.

"मायक्रो-आरएनए म्हणजे पेशीला लगाम घालणारे बारके तुकडे," त्या सांगत. "लगाम सुटला की कॅन्सरला रान मोकळं. उद्या यांचंच औषध होईल." आधी मात्र ते रक्तात ओळखून आजार लवकर पकडायचा, हा त्यांचा ध्यास होता. पहिले निकाल इतके छान आले, की पेणच्या एका सभेत त्या बोलून गेल्या, "आता गालाचा तुकडा काढून तपासायला नको. थेंबभर रक्तात कळेल."

पुढे एका दुपारी जुन्या नळ्या पुन्हा तपासताना बाईंनी एक नळी उजेडाकडे धरली, आत लालसर झाक होती. आजाऱ्यांचं रक्त आम्ही गावोगावी जाऊन घेतलं होतं, निरोगी लोकांचं लॅबमध्येच. उन्हातून, खड्ड्यांतून येताना गावच्या नळ्यांतल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या. आम्हाला दिसलेला फरक आजाराचा नव्हताच, त्या फुटक्या पेशींतून सांडलेल्या मायक्रो-आरएनएचा होता.

बाईंनी छापायला दिलेला लेख परत घेतला. तेवढ्यात कळलं, कासू गावच्या चंद्राकाकूंनी सभेतलं ऐकून तुकडा काढून घ्यायचं टाळलं आहे. त्या मिठागरावर कामाला जात. गालात कधीची जखम होती.

त्यांच्या ओटीवर बाईंचा आवाज मला शेजारी बसूनही नीट ऐकू येईना. "चंद्राताई, मी चुकीचं बोलले. ती तपासणी अजून तयार नाय. तुम्ही आजच माझ्याबरोबर चला."

"मना भीतीच व्हती तुकड्याची," काकू म्हणाल्या. "तुमी सांगितलंत, मंग मी थांबले." बाईंनी मान खाली घातली. काकू माझ्याकडे वळल्या. "तुज्या बाईंना पानी दे गो."

कॅन्सरच निघाला. अर्धा जबडा काढावा लागला. लवकर आल्या असत्या तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. पुढे आम्ही गावातच रक्तातल्या पेशी लगेच वेगळ्या करून सगळं पुन्हा तपासलं. फरक जवळजवळ उरलाच नाही. तेही बाईंनी पेणला सभा घेऊन सांगितलं. ऐकायला फारसं कुणी आलं नव्हतं.

गेल्या वर्षी काकू गेल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सुनेनं बाईंना ओळखलं. "आत या ना," ती म्हणाली.

"इथं बरी आहे," म्हणत बाई अंगणातच उभ्या राहिल्या. सुनेनं चहा बाहेर आणून दिला. कप हातात तसाच धरून त्या उभ्या होत्या.