आपल्याच घराची बेल

आई माझ्या हातून पेज घेत होती, गोळ्या घेत होती, कोमट पाणी घेत होती. तिची नखं मी कापायचो, केस मी विंचरायचो, आणि ते ती मुकाट्याने करून घ्यायची. मुकाट्याने म्हणजे तिच्या मानाने मुकाट्याने. भांग जरा वाकडा पडला की माझा उद्धार व्हायचाच. पण एक गोष्ट ती माझ्या हातून घ्यायला तयार नव्हती, आणि नेमकी त्याच एका गोष्टीसाठी ती झुरत होती. ती गोष्ट म्हणजे ख्रिस्तप्रसाद, चर्चमध्ये फादर जिभेवर ठेवतात ती पवित्र भाकर.

आमचं घर मालाडच्या जुन्या गावठाणात. चारी बाजूंना टॉवर उभे राहिलेत, मधे आमची पंधरा-वीस कौलारू घरं कशीबशी तग धरून आहेत. चर्च चालत पाच मिनिटांवर. आमच्यातली जुनी माणसं त्याला अजून देऊळच म्हणतात. आई आयुष्यभर रोज सकाळच्या पहिल्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायची. ताप असो, पाहुणे असोत, बाबांचं आजारपण असो, तिची मिस्सा चुकली नाही. मग ब्याऐंशीव्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण ती परत चालली नाही. मी तेव्हा अंधेरीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, तरी नोकरी सोडून दिली. बायको शाळेत शिकवते, तिने नोकरी करावी आणि मी घर बघावं असं ठरलं. दोन दिवसांत बेडपॅन कसं द्यायचं ते शिकलो. पहिल्या दिवशी आईने तोंडावर पदर घेतला होता. दुसऱ्या दिवशी तिने मला, मी ते वाकडं धरतो म्हणून झापलं. तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो, आता लाज संपली.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी यायचे. त्या दिवशी आमच्या घरात सकाळपासून धावपळ. आईला तिची पोपटी साडी लागायची. अंबाडा लागायचा. पलंगावर नाही, खुर्चीत बसायचं असायचं, मग कंबर कितीही दुखो. छोट्या टेबलावर तिने लग्नाआधी स्वतः विणलेला पांढरा रुमाल, त्यावर क्रूस, दोन मेणबत्त्या. बेडपॅन, औषधांचा डबा, चादरीखालचं रबर, सगळं मागच्या पडवीत न्यायला लावायची. फादर गेले की ठेवणीतल्या कपबशीत उरलेला त्यांचा अर्धा चहा ती प्यायची आणि आठवडाभर खुशीत असायची.

पण परिसर वाढला, आजारी वाढले, आणि चर्चमध्ये उरले दोनच फादर. त्यातल्या एकाचे स्वतःचेच गुडघे गेलेले. एक महिना चुकला, मग दुसरा. मी आईला रविवारची मिस्सा मोबाईलवर लावून द्यायला लागलो. ती सगळी उत्तरं मोठ्याने द्यायची. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली की डोळे मिटून हात जोडायची आणि तोंड किंचित उघडायची. मोबाईलसमोर. थोडा वेळ तसंच उघडं ठेवायची आणि मग मिटायची. एकदा हे माझ्या नजरेला पडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

धाकटे फादर माझ्या मुलाच्या वयाचे, मला अंकल म्हणतात. ते मागेच म्हणाले होते, "अंकल, तुम्ही घरीच असता ना? तुम्हीच शिकून घ्या. बिशपांची परवानगी घेऊ. तुम्हीच आईला ख्रिस्तप्रसाद द्या, आणि गल्लीतल्या चार जणांनाही."

तेव्हा मी हसलो होतो. सांगायला लाज वाटते, पण मी प्रवचनाच्या वेळी बाहेर उभा राहणाऱ्यांपैकी. प्रत्येक चर्चबाहेर आमची एक टोळी असते. फादर प्रवचनाला उभे राहिले की आम्ही हळूच बाहेर, बाइकला टेकून क्रिकेट आणि बिल्डरच्या गप्पा. प्रवचन संपलं की परत आत. चाळीस वर्षं हे इमाने इतबारे केलं. अशा माणसाने देवाला गळ्यात घालून घरोघरी जायचं? पण मोबाईलसमोर उघडलेलं ते तोंड बघितल्यावर मी त्याच संध्याकाळी जाऊन हो म्हणालो. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तू? आता बाइकला कोण टेकणार?"

काही शनिवार शिकायला गेलो. छोट्या सोनेरी डबीत ख्रिस्तप्रसाद ठेवायचा, डबी पाऊचमध्ये, पाऊच गळ्यात. थेट आजाऱ्याच्या घरी जायचं. वाटेत थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, बाजार तर नाहीच नाही. आजाऱ्याने काही कारणाने घेतला नाही तर परत चर्चमध्ये आणून ठेवायचा. हे शेवटचं मी नीट ऐकलंही नव्हतं. मला कशाला लागतंय!

पहिल्या रविवारी आठची मिस्सा सुटली आणि मी डबी घेऊन सरळ घरी आलो. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून काही सांगितलं नव्हतं, हा माझा शहाणपणा. मागच्या दाराने आत शिरलो, चपला काढल्या, मेणबत्त्या लावल्या. आई नाइटीत, पलंगावर.

"फादर कुठायत?"

"फादर नाहीत, मी आहे. परवानगी आहे मला."

तिने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"आई, अगं बिशपांचं पत्र आहे."

"असू दे. मी नाय घेणार. सकाळी ह्याच हाताने माझं भांडं उचललंस ना? त्याच हाताने देव देतोस?"

"हात धुतलेत मी!"

"तुझ्या हाताने नाय."

आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. मी तो शेवटचा नियम आठवत चर्चला परत गेलो.

असे चार रविवार गेले. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मास्तर आहेत, ते माझी वाट बघत दारात बसायचे. पलीकडच्या घरातल्या अर्धांग झालेल्या बाई मला बघून रडायच्या, हात जोडायच्या. सगळ्या गावठाणाला माझा हात चालत होता, फक्त जिच्यासाठी हे सगळं केलं तिला चालत नव्हता. दर रविवारी मी तिच्यासमोर डबी धरायचो, ती ओठ मिटायची. मला राग यायचा. वाईट वाटायचं, पण त्याहून राग जास्त. आणि रविवार उलटला की मंगळवारी तीच विचारायची, "फादर कधी येणार म्हणाले?" तिचं जेवण कमी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता फार दिवस धरून चालू नका. म्हणजे ख्रिस्तप्रसादावाचूनच ती जाणार की काय, ही धास्ती माझ्या मनात बसली.

पाचव्या रविवारी मी घोळ घातला. आधी मास्तरांकडे जाऊन घराकडे वळलो, तर कोपऱ्यावरच्या कोळिणीने हाक मारली, "बोंबील बघ, आताच आलेत!" आईने दोन दिवस फक्त पेजेचं पाणी घेतलं होतं, आणि आदल्या रात्री म्हणाली होती, बोंबलाचं कालवण मिळालं तर दोन घास खाईन. माझा पाय थांबला. हात शर्टावरून पाऊचवर गेला. मनातल्या मनात म्हटलं, देवा, तुझी पहिली शिष्यमंडळी कोळीच होती, तू समजून घेशील. आणि सवयीने भावही केला.

घरात पाऊल टाकलं तशी आईने नाक वर केलं.

"काय आणलंस?"

"बोंबील."

"आणि गळ्यात?"

मी पिशवी पाठीमागे घेतली.

"गळ्यात देव आणि हातात बोंबील! भाव पण केला असशील!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिशवी जमिनीवर आपटली. "तुझ्यासाठीच आणले ना! तुला माझ्या हातून बोंबील चालतात, गोळ्या चालतात, ढुंगण धुतलेलं चालतं, फक्त देव नाय चालत! तुला काय करायचंय ते कर. मर उपाशी, दोन्हीकडून!"

हे मी आईला बोललो. ख्रिस्तप्रसाद गळ्यात असताना बोललो. आईने फक्त चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

मी तसाच चर्चला गेलो. धाकट्या फादरना गाठलं, डबी परत दिली, पाऊच दिला, पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं, अगदी भाव केल्याचंही. म्हटलं, "माझ्याने नाही होणार, फादर. मी बाइकपाशीच बरा होतो."

ते म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून घरी जा आणि ते बोंबील स्वतः साफ करून आईला भरवा. पाऊच मी ठेवतो, पण फक्त पुढच्या रविवारपर्यंत."

मी बोंबील साफ केले. बाटलीत भरून ठेवलेला आमचा बॉटल मसाला घालून, चिंच घालून आई करायची तसं कालवण केलं. काटा काढून, मऊ भातात कालवून पहिला घास तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणालो, "आई, मी फार वाईट बोललो. माफ कर."

तिने घास घेतला. गिळला. "मीठ कमी पडलंय," म्हणाली. आणखी चार घास घेतले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तुझे हात घाण नाय रे. ते मी उगाच बोलले."

"मग?"

"सकाळी उठल्यापासून मी तुझ्या हातात असते. तू उठवणार, तू पुसणार, तू भरवणार. मी अशी पडलेली. महिन्यातून एकदा फादर यायचे ना, तेव्हा मी साडी नेसून बसायचे. घरात कुणीतरी माझ्याकडे यायचं. माझ्याकडे. तेवढा वेळ मला वाटायचं, मी अजून ह्या घरची बाई आहे." तिने चादर सरळ केली. "तू आलास मागच्या दाराने, घामाचा शर्ट, अनवाणी. मी नाइटीत. देव पण मला पेजेसारखाच भरवतोस असं झालं. तेवढं एक तरी राहू दे ना मला."

लाज संपली असं मी ठरवून टाकलं होतं. ती माझी संपली होती, तिची नाही. इतके महिने मी तिचं सगळं केलं आणि ही एवढी गोष्ट मला दिसली नव्हती. मी तिचं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच, पुसण्याआधी विचारलं, "पुसू का?"

पुढच्या रविवारी मी मिस्सेला जाण्याआधी बायकोला सगळं सांगून ठेवलं. स्वतः मुलाच्या लग्नात शिवलेला पांढरा फुलशर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं. प्रवचनाला आत बसलो. मिस्सा सुटल्यावर फादरनी काही न बोलता पाऊच माझ्या गळ्यात घातला. मी घरी आलो तो पुढच्या रस्त्याने, पुढच्या दारात. दार उघडंच होतं. तरी मी पायपुसण्यावर उभा राहिलो आणि आपल्याच घराची बेल वाजवली.

आतून आईचा आवाज आला. खणखणीत, कित्येक महिन्यांत न ऐकलेला. "बघ गं, कोण आलंय."

बायको दारात आली. ती मला बघून हसेल अशी भीती होती, पण ती हसली नाही. ती बाजूला झाली आणि मी आत गेलो. आई खुर्चीत बसली होती. पोपटी साडी, अंबाडा, टेबलावर पांढरा रुमाल आणि पेटलेल्या मेणबत्त्या. खोलीत बेडपॅन नाही, रबर नाही, औषधांचा डबा नाही. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बुटांवर नजर जरा जास्त थांबली.

"या," आई म्हणाली.

"ह्या घराला शांती असो," मी म्हणालो. आम्ही प्रार्थना म्हटली. मी डबी उघडली, ख्रिस्तप्रसाद तिच्यासमोर धरला.

"ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन."

तिने डोळे मिटले आणि तोंड किंचित उघडलं. मोबाईलसमोर उघडायची तसंच. मी ख्रिस्तप्रसाद तिच्या जिभेवर ठेवला आणि तिने ओठ मिटले. आम्ही बराच वेळ तसेच होतो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

मग तिने डोळे उघडले. बायकोला म्हणाली, "ठेवणीतल्या कपात चहा दे ह्यांना." मी टेबलाशी बसून चहा प्यायलो, अर्धा कपात ठेवला. ती तो प्यायली. कप खाली ठेवल्यावर तिने माझा उजवा हात पकडला, ओढून जवळ घेतला आणि त्याचा मुका घेतला.

"आता बूट काढ रे बाबा," ती म्हणाली, "आणि माझं भांडं आण. तू यायच्या आधीपासून धरून ठेवलंय मी."

मी बूट काढले, फुलशर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मागच्या पडवीत गेलो.