नारळ फोडल्यानंतरच्या चार ओळी

माझा राग नाकावर असतो हे गावभर माहीत आहे. त्या वर्षी मात्र तो हातात उतरला.

कुरुंद्याजवळ चोहीकडे हळद आणि मधेच आमची काळ्या द्राक्षांची बाग. वाइन करणाऱ्याने सांगितलं होतं, चार ओळी वेलीवरच महिनाभर जास्त सुकू द्या, त्यांची जेवणानंतर घ्यायची गोड लाल वाइन वेगळी काढून देतो, बाटलीवर तुमच्या मळ्याचं नाव टाकतो. त्या नावासाठी मी वेडा झालो.

आमच्याकडे शेवटचा माल गाडीत भरला की बांधावर नारळ फोडतात. नारळ फुटला की पीक संपलं. मागे राहिलं तो सरवा, वेचेल त्याचा, आणि खुडणीच्या बायांचा त्यावर पहिला हक्क. बाकीची बाग खुडून झाली तसा थोरल्या भावाने सवयीने नारळ फोडला. मीही खोबरं खाल्लं. चार ओळी मुद्दाम ठेवल्यात हे बायांना सांगायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बाया हळदीच्या कामाला निघून गेल्या.

मणी सुरकुतायला लागले तसे पोपट आले. गोफणीने पाडले आणि तारेला उलटे टांगले. शेजाऱ्याची शेळी शिरली, तिच्या पाठीत फावड्याचा दांडा घातला. ती मागचे पाय ओढत घरी गेली. भाऊ म्हणाला, तुला भूत लागलंय, तर त्याचीच गचांडी धरली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी खुडायचं होतं. सकाळी गेलो तर दोन ओळी रिकाम्या आणि बाया पाट्या भरत होत्या. पुढे मावशी होती. वडिलांच्या काळापासूनची मजूर, मला कडेवर घेऊन तिने याच बागेत कामं केलेली. ती मावशी आहे हे मला स्पष्ट दिसलं होतं, तरी दांडा घातला. तिने हात आडवा केला आणि मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"काहून मारून राहिला रे पोरा? नारळ तर फुटला व्हता," ती म्हणाली.

मी दुसऱ्यांदा दांडा उचलला. तेवढ्यात तिचा लेक धावत आला. त्याने मला सांडलेल्या घडांवर पाडून तोंडावर दगड घातला, दोन दात गेले. भाऊ बांधावर उभा राहून बघत होता. त्याने सोडवलं नाही, आणि ते बराबरच होतं.

उरलेल्या दोन ओळींची वाइन झाली. बाटलीवर मळ्याचं नाव आहे. पाहुणे घोट घेतात आणि वा म्हणतात. मला ती घशाखाली उतरत नाही, लाज वाटते.

पुढच्या वर्षी मावशी परत आली. वाकडं जुळलेलं मनगट पोटाशी धरून डाव्या हाताने खुडत होती. नारळ फुटल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. जन्मभर मला अरेतुरे करणारी ती बाई म्हणाली, "मालक, सरवा हाय, का ठिवायचाय?"

मी म्हणालो, सगळा तुमचाच आहे, न्या. तिने मान हलवली, भाकरीचं फडकं उचललं आणि चालू लागली. बाकीच्या बाया तिच्यामागे गेल्या. एकीनेही घडाला हात लावला नाही.