पाठ केलेलं ऐकणं

उज्जैनच्या एका सरकारी शाळेत मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, तेही हिंदीतून. कानाची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकत असे. पडदा, तीन इवलीशी हाडं, गोगलगाईच्या शंखासारखी नळी आणि शेवटी मज्जातंतू. तिथे एक बाण काढून मी लिहायचे, ‘मस्तिष्क की ओर’. बहुतेक तेवढ्यात घंटा व्हायची. मेंदूत पुढे काय होतं हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाही ते धड ठाऊक नव्हतं.

ते कळायला मला बहिरं व्हावं लागलं. निवृत्तीच्या आसपास दोन्ही कान हळूहळू गेले. काही वर्षं कानातल्या मशीनवर भागलं, मग मशीननेही हात टेकले. माधव नगरातल्या आमच्या घरात आम्ही दोघंच, मी आणि हे. ह्यांचा सगळा जन्म सरकारी कचेरीत फाइली सांभाळण्यात गेला, त्यामुळे कामाचं काही असलं की हे नीट चिठ्ठी लिहून देत. गॅसवाला येऊन गेला. दुपारी बँकेत जायचंय. पण समोरच्यांनी गाडी पुन्हा वाकडी लावली, आज वरण छान झालंय, असल्या गोष्टी कोण चिठ्ठीवर लिहितो? ह्यांचे ओठ हललेले दिसायचे. मी विचारायचे, “काय म्हणालात?” हे हात झटकून म्हणायचे, “काही नाही.” हे दोन शब्द मला ओठांवरून सगळ्यात चांगले वाचता येत, आणि त्यांचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. जगातले आवाज नसले तरी चालले असते. आमच्या दोघांतलं बिनकामाचं बोलणं आटलं होतं, ते मला परत हवं होतं. तेवढ्यासाठी मी ऑपरेशनला तयार झाले.

इंदूरला कानामागे, हाडाच्या आत, यंत्र बसवलं; त्याला जोडणारं मशीन मात्र रोज बाहेरून कानावर लावायचं. काही आठवड्यांनी ते सुरू करायचा दिवस आला. हे समोर बसून काहीतरी म्हणाले, आणि मला पत्र्याच्या डब्यात वाटाणे खुळखुळवल्यासारखं ऐकू आलं. एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं आहे असं समजून ह्यांनी माझा हात थोपटला, म्हणून मी आणखी रडले.

तिथली ऑडिओलॉजिस्ट म्हणजे माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, “मैडम, मशीन ने अपना काम कर दिया। अब दिमाग को करना है।” कानातल्या हजारो नाजूक पेशींचं काम आता मूठभर तारा करणार होत्या. जो खुळखुळाट येईल त्यातून शब्द ओळखायला मेंदूने नव्याने शिकायचं. त्याचा ऐकण्याचा भाग बरीच वर्षं रिकामा बसला होता, त्याला पुन्हा कामाला लावायचं. माझ्या बाणाच्या पुढचा धडा मला असा मिळाला. सरावासाठी तिने वीस हिंदी शब्दांचा कागद दिला आणि असे आणखी शब्द घरी जोडायला सांगितलं.

ते जोडायचं आम्ही साफ विसरलो. रोज सकाळी चहा झाला की हे तोंडापुढे वर्तमानपत्र धरायचे आणि त्याआडून कागदावरचे शब्द वाचायचे. चाबी, घड़ी, मटका, सड़क. मी म्हणून दाखवायचे, हे खूण करायचे. पहिल्या आठवड्यात चार, मग नऊ, मग पंधरा. महिन्याभरात वीसपैकी वीस. मी शेजारणीला सांगून आले. हेही खूश होते, भाजीवाल्याला म्हणाले, “अब मैडम सब सुनती हैं।”

पुढच्या खेपेला त्या मुलीने तोंड झाकून तेच शब्द उलटसुलट क्रमाने विचारले. मला वीसपैकी तीन आले.

मी चिडले. मशीन बिघडलंय म्हणाले. तिने शांतपणे ह्यांना विचारलं की घरी कसं वाचता. हे अभिमानाने म्हणाले (मला ते तिने नंतर लिहून दाखवलं), “रोज़ ऊपर से नीचे, एक भी शब्द आगे-पीछे नहीं।” कागदावरचा क्रम स्वतःच्या मर्जीने बदलणं हे ह्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत बसणारं नव्हतं. आणि मी? घोकंपट्टी करणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करायचे. तीच मी अख्खी यादी पाठ करून बसले होते. चाबीनंतर घड़ी येणार हे मेंदूला कळल्यावर त्याने ऐकायचे कष्ट घेतलेच नव्हते. लबाड माझा मेंदू, पण नापास मी झाले. मला फार लाज वाटली.

मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिने कागद परत घेतला आणि लिहिलं, “अब बातें कीजिए। पीछे से, बाज़ार में, कुछ भी। फ़ालतू बातें।”

मी तर त्याच्यासाठीच आले होते, पण तेच ह्यांना जमेना. माझ्यामागे उभे राहून नुसताच घसा साफ करायचे. “आता काय बोलू? एकदम काही सुचतच नाही,” असं स्वतःच लिहून दाखवायचे. शेवटी आम्ही संध्याकाळी टावर चौकापर्यंत चालत जायला लागलो. मी पुढे, हे दोन पावलं मागे, जे दिसेल ते बोलत. एकदा “डावीकडे गाय बसलीये” असं हे म्हणाले आणि मी नेमकी डावीकडेच वळले आणि गाईवर धडकता धडकता वाचले. गाय कळली होती, दिशा राहिली होती. राम घाटावर मात्र घंटा आणि भोंग्यांपुढे मेंदूने सपशेल माघार घेतली. आमची बोलण्याची सवयही आड यायची. अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी, पुढे काय येणार याचा अंदाज बांधावा तर भाषाच बदललेली. पण त्यानेच कान तयार होत गेला असावा.

साताठ महिन्यांनी कधीतरी जाणवलं की वाटाणे थांबलेत. मशीन तेच, तारा त्याच. आवाज मात्र ह्यांचा येत होता, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा.

सकाळी अंघोळ होईपर्यंत मी मशीन लावत नाही, हे घरात ठरलेलं. गेल्या महिन्यात एकदा लवकर अंघोळ करून मशीन लावून मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते, केस सोडलेले, त्यामुळे ते दिसत नव्हतं. हे ओट्याकडे तोंड करून चहा गाळत होते. रिकाम्या खोलीत बोलावं तशा आवाजात म्हणाले, “गुडघा आज फारच दुखतोय गं.”

“कधीपासून?” मी विचारलं.

हे वळले. गाळणी हातातच होती.

“तुला ऐकू आलं?”

“कधीपासून दुखतोय?”

“झाली की दोन वर्षं,” हे म्हणाले. “रोज सांगतोच आहे तुला.”